हे कुठल्या अंकातलं?

४ जानेवारी

दादा,

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही, तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघून लगेच फाडू नकोस. तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "कामावर आहे, लिफ्ट बसवतोय" म्हणतोस, आणि मागे चहाच्या कपांचा आवाज येत असतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

काम आहे. दुसऱ्या कोणाला जमलं असतं तर तुला विचारलं नसतं, हे तुलाही माहीत आहे.

बाबा एकटेच बोलायला लागलेत. सकाळी दाढी झाली की खिडकीपाशी उभे राहतात, हात पाठीमागे बांधतात आणि सुरू होतात. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. आपल्या घरचा नियमच तो, कोणी स्वगत म्हणत फिरत असेल तर बाकीच्यांनी ऐकायचं नाही. रंगमंचावर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू येत नाही, मग घरात का यावं, असं बाबांचं म्हणणं. आई या नियमावर काय चिडायची! शेवटी तीही शिकली. ओट्यापाशी उभी राहून "कोणी हा नळ दुरुस्त करेल तर बरं" असं भिंतीला सांगायची, आणि बाबा नियम पाळून ऐकायचे नाहीत. नळ गळतच राहिला.

तर मीही ऐकत नव्हते. पण परवा चष्म्याच्या दुकानातून लवकर घरी आले आणि दारातच थांबले. बाबा खिडकीला सांगत होते, "बोलवा त्याला. मी बोलावलं असं सांगू नका, पण बोलवा." चांगला खर्जातला, मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. मला कळेना, हे राजा बोलतोय की बाबा.

बाबा राजा व्हायचे ते नाटक मी लहानपणापासून पाहिलं, पण निम्मं झोपेत. राजा कोणाच्या तरी सांगण्यावरून मुलाला राज्याबाहेर घालवतो, मुलगा परत येत नाही, आणि शेवटी राजा रिकाम्या दरबारात एकटा बोलत राहतो, एवढं मला ठाऊक. शब्दन् शब्द तुला ठाऊक. डाव्या विंगेत स्टुलावर बसून नाटकाचं पुस्तक तू धरायचास, आणि कोणाचं अडलं की पुढचा शब्द हळूच सरकवायचास. नाटक छापलं कधी गेलं नाही. कंपनीची एकुलती एक प्रत वाळवीनं खाल्ली. आता ते नाटक सबंध असं तुझ्याच डोक्यात आहे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाठ केलेलं म्हणत असतील तर फार घाबरू नका, जुनं पाठांतर सगळ्यांत शेवटी जातं. पण स्वतःच्या मनातलं बोलत असतील आणि मुलाला बोलवत असतील, तर त्याला बोलवून घ्या, ओळखतायत तोवर. तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला फरक कळतच असेल, असंही म्हणाले. मला काय डोंबल कळतंय. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि विचारते, आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं? लोक गोंधळतात आणि दोन्ही सारखंच म्हणतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा.

आत्तापर्यंत ऐकलेली वाक्यं लिहिते. एक ते वरचं. दुसरं, "या सिंहासनाला पाठ टेकायला जागा असती, तर मी इतका ताठ राहिलो नसतो." तिसरं, "साखर कमी केली की माणसं कडू होतात." प्रत्येक कुठल्या अंकातलं, ते कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर. खुशालीही नको.

भुंगी


१९ जानेवारी

दादा,

कार्ड मिळालं. "बोलवा त्याला – तिसरा अंक, राजा मित्राला सांगतो. सिंहासन – पाचवा. साखर – नाटकात नाही, चहातली आहे." बस्स. खाली सहीसुद्धा नाही. तरी मी हसले, आणि मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणजे मी दुकानात असते तेव्हा बाबांजवळ बसणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, तुमचा भाऊ मोजकं बोलतो, पण बरोबर बोलतो. मी म्हटलं, हो, त्यानंच तर घोळ झाला.

पण खरं सांगू, तुझ्या उत्तरानं मी आणखी गोंधळले. बाबाच शिकवायचे ना, की नाटककार राजाला मित्र देतो तो उगीच नाही. जे एकट्यानं म्हणायची हिंमत होत नाही, ते म्हणायला एक विश्वासाचा कान लागतो. मग मित्राला सांगायचं वाक्य बाबा खिडकीला का सांगतात? शब्द राजाचे, मान्य. पण शब्द राजाचे असले म्हणजे गरजही राजाचीच, असं असतं का? इथे माझी मती खुंटते.

त्यात मावशींना आपला नियम माहीत नाही. बाबा खिडकीपाशी म्हणाले, "मुकुट काढला, आता मी कोण?" मावशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुम्ही आमचे बाबा, आणि तुमची गोळी राहिलीय." बाबांनी वळून पाहिलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी मुकाट्यानं गोळी घेतली, पाणी प्यायले आणि पुढच्या वाक्यापासून सुरू केलं. आई असती तर मावशींना डोक्यावर घेऊन नाचली असती.

आणि डॉक्टर घरी आले तेव्हाची गंमत ऐक. डॉक्टर रक्तदाब घेत होते. बाबांनी मोकळ्या हाताची तीन बोटं गालाआड धरली, तोंड माझ्याकडे केलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "हा गृहस्थ काही जाणकार दिसत नाही. पण स्वभावानं बरा आहे, म्हणून बसू दिलंय." जनांतिक! हात आडवा धरला की ज्याच्याबद्दल बोलतो त्याला ऐकू येत नाही, हा त्यांचा जन्माचा भरवसा. डॉक्टरांना अर्थात सगळं ऐकू आलं आणि ते हसायला लागले. बाबा इतके दचकले म्हणून सांगू. या माणसानं कसं ऐकलं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. डॉक्टर गेल्यावर मला हळूच म्हणाले, नवा नट दिसतोय, त्याला शिकवायला हवं.

मी हसले खरी, पण नंतर वाईट वाटलं. आयुष्यभर ज्यांनी मनातलं असं उघड्यावर बोलून दाखवलं, त्यांच्या मनात काय आहे ते मला कळू नये?

आता नवी वाक्यं. ही मला गप्प बसू देत नाहीत.

"माझ्या डाव्या बाजूला आता कोणी नाही."

"त्यानं सांगितलं ते बरोबरच होतं. रिकामा मीच झालो होतो."

दादा, तुझ्या त्या शेवटच्या प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत होते. तू ते प्रकरण ज्या बाजूनं पाहिलंस ती विंगेची बाजू, मी समोरून पाहिलं. पाचवा अंक. बाबा रिकाम्या दरबारात उभे. "ज्या हातांनी मी त्याला चालायला शिकवलं, त्याच हातांनी..." आणि थांबले. थिएटरात कोणी हलेना. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या. मग डावीकडून तुझा आवाज आला, पुढचं वाक्य. चांगलं खणखणीत आलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी सावकाश तुझ्याकडे मान वळवली आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "या राज्यात शब्द उसने घेत नाहीत." टाळ्यांचा कडकडाट झाला, लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मलाही वाटलं.

मग प्रयोगानंतर सगळ्यांसमोर बाबा तुला म्हणाले, "तो विराम होता. ज्याला विराम कळत नाही त्यानं पुस्तक धरू नये." तू स्टूल उचलून भिंतीशी ठेवलंस आणि गेलास. तेव्हापासून जो तो त्या विरामाचं कौतुक करतो. बाबांचा सत्कार झाला तेव्हाही वक्ते त्या विरामावर बोलले. तो विराम होता की विसर, हे मी कोणाला विचारलं नाही. तुलाही नाही. बाबांना तर नाहीच.

म्हणून ही दोन वाक्यं नीट आठवून सांग.

भुंगी


३ फेब्रुवारी

दादा,

"दोन्ही पाचवा अंक, राजाचं स्वगत." तुझं कार्ड आलं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. खोटं कशाला सांगू, थोडी हिरमुसलेही. डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सगळं नाटकातलंच आहे. ते खूश झाले, पाठांतर शाबूत आहे म्हणाले. मीही खूश झाले. तुला त्रास द्यायला नको, यायची गरज नाही, असं चार ओळींचं पत्र लिहून ठेवलं होतं. पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं म्हणून ते गेलं नाही.

तेवढ्यात मित्रकाका आले. आठवतात ना, नाटकात राजाचे मित्र आणि बाहेरही तेच. आता काठी घेऊन चालतात, पण भांग तसाच. बाबा त्यांच्यासमोरही "डाव्या बाजूला कोणी नाही" म्हणाले. काका म्हणाले, हे काय नवीन? मी म्हटलं, नवीन कुठलं, पाचव्या अंकातलं आहे, दादानं सांगितलंय.

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरी, पाचव्या अंकात मी प्रेत होतो. डोळे मिटून पडलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम काय? राजा हात म्हणतो, दार म्हणतो, मुकुट म्हणतो. डावं-उजवं त्या नाटकात नाही."

आणि दुसरं वाक्य? तेही नाही म्हणाले.

मग मी विचारलंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काका, त्या दिवशी विराम होता का? ते काठीशी चाळा करत बसले. म्हणाले, प्रेतानं डोळे उघडायचे नसतात, मी पाहिलं नाही. पण विराम घेणारा माणूस आधी श्वास भरून घेतो, तो मला रोज ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, पण तेव्हा त्यांना सर्दीही झालेली होती, तेव्हा माझ्यावर जाऊ नकोस. घ्या! एवढं ऐकून घेतलं ते सर्दीवर आणून सोडलं.

आता मी कोणाचं खरं मानू? काका विसरले असतील, वय झालं. पण तू विसरणार नाहीस. तू जेवताना पानावर बोट ठेवून चौथा अंक म्हणणारा माणूस. मग तू मला खोटं लिहिलंस का? आणि कोणासाठी? बाबांची लाज राखायला, की तुला यायचं नाही म्हणून? की ती वाक्यं वाचून तुझंच काहीतरी झालं, आणि राजाच्या नावावर खपवलेलं बरं वाटलं? मी तिन्ही बाजूंनी विचार केला. तिन्ही वेळेला तू मला खरा वाटलास, आणि तिन्ही वेळेला मला राग आला.

बाबा म्हणायचे, स्वगतात माणूस खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला समोर कोणीतरी लागतं. तुझ्या कार्डासमोर मी होते, असं समजते आणि सोडून देते.

तसं तर मीही तुला सगळं लिहिलेलं नाही. आता लिहिते. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी कामावरून आले, चप्पल काढली, तर बाबा उठून उभे राहिले. अगदी अदबीनं म्हणाले, "या, बसा. आपण कोणाकडच्या?" मी म्हटलं, बाबा, मी भुंगी. ते म्हणाले, असं होय, छान. आणि मला बसायला खुर्ची पुढे केली. मी बसले, दादा. दुसरं काय करणार? मग मावशींनी मलाही पाहुण्यासारखा चहा दिला आणि मी तो बशीतून सांडला.

पहिल्या पत्रातच हे लिहिणार होते. पण लिहिलं असतं तर तू माझी कीव येऊन आला असतास, आणि मला ते नको होतं. बाबांना तू हवा आहेस म्हणून तू यायला हवास. ते मला खरं कळल्याशिवाय तुला बोलवायचं कसं? म्हणून ही सगळी अंकांची उठाठेव.

आता एकच मागते. हल्ली रोज ते त्या जागी येतात. "ज्या हातांनी मी त्याला चालायला शिकवलं, त्याच हातांनी..." आणि थांबतात. मान किंचित डावीकडे जाते. तिथे कपाट आहे, त्यात माझ्या साड्या, आणि मागच्या सापटीत आईची शिलाई मशीन. बराच वेळ कपाटाकडे बघतात आणि मग खाली बसतात, दमून. त्या दिवसाचं वाक्य टाळ्यांत आणि हसण्यात बुडालं, मला आठवत नाही. काका म्हणतात, त्यांना 'दार' एवढंच आठवतं. ते वाक्य पाठव. ते खरं पाठव.

भुंगी


१८ फेब्रुवारी

दादा,

वाक्य मिळालं. कार्डावर तेवढंच होतं, अंकसुद्धा नव्हता. अक्षर मात्र तुझं वाटेना, इतकं वाकडं. बसमध्ये लिहिलंस की काय?

त्याच दिवशी मी दुकानातून सुट्टी घेतली. बाबांची दाढी झाली. ते खिडकीपाशी गेले. मी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत जाऊन उभी राहिले. हसू नकोस. तू हे रोज कसं करायचास? कधी सांगायचं आणि कधी गप्प राहायचं, हे कशावरून ओळखायचास? त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ आणि पाठीमागे बांधलेले हात.

"ज्या हातांनी मी त्याला चालायला शिकवलं, त्याच हातांनी..."

थांबले. मान डावीकडे. मी श्वास ऐकायचा प्रयत्न केला, मित्रकाकांनी सांगितल्यासारखा. मला रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, बाकी काही नाही. सांगितलं आणि विराम असला, तर मी तो मोडणार; गप्प राहिले आणि विसर असला, तर त्यांना तसंच बुडू देणार. त्या सापटीत उभी असताना मला पहिल्यांदा तुझी दया आली. इतकी वर्षं मी बाबांची बाजू की तुझी बाजू असा हिशेब करत होते, पण त्या स्टुलावर बसल्यावर काय होत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी सांगितलं. "त्याच हातांनी मी त्याला दार उघडून दिलं."

फार मोठ्यानं गेलं. मला हळू सांगायची सवय नाही. स्वयंपाकघरातून मावशी "काय हो?" म्हणाल्या.

बाबांनी वाक्य घेतलं. "त्याच हातांनी मी त्याला दार उघडून दिलं." आणि पुढचं सगळं, थेट शेवटापर्यंत म्हणाले, कुठेही न अडता. मी सापटीत उभ्या उभ्या रडत होते आणि आईच्या मशीनचं चाक पाठीत टोचत होतं.

संपल्यावर त्यांनी तीन बोटं गालाआड धरली. कपाटाकडे वळले. मी त्यांना दिसत होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या जागेकडे बघत होते. खालच्या आवाजात, घरातल्या आवाजात म्हणाले, "विसरलोच होतो रे. मोठ्यानं सांगितलंस. सगळ्यांनी ऐकलं."

मग जरा थांबून, "ऐकू दे."

आणि हात खाली घेऊन मावशींना विचारलं, चहा झाला का.

हे कुठल्या अंकातलं, ते मी तुला विचारत नाही. तूही कळवू नकोस.

तरी एक सांगायचं राहिलं. मला वाटलं, आता अडणार नाहीत. काल जेवताना ते वाक्य त्यांनी आपणहून म्हटलं, सबंध, पोळी तोडता तोडता, म्हणजे त्यांना ते येतं. पण आज सकाळी खिडकीपाशी पुन्हा त्याच जागी थांबले. मी कपाटाजवळून सांगितलं, नीट हळू सांगितलं. त्यांनी घेतलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मान डावीकडे तशीच. मावशी म्हणाल्या, बाबा, चहा गार होतोय, तरी हलले नाहीत. शेवटी मला म्हणाले, "आपण बसा. तो येईल एवढ्यात."

हा आता विराम की विसर, माझी अक्कल इथे संपली. डॉक्टरांना विचारलं नाही. तूच ये आणि ऐक.

ते तुला राजपुत्र म्हणतील, किंवा नवा नट म्हणतील, किंवा कोणाकडचे म्हणून विचारतील आणि खुर्ची देतील. मनाला लावून घेऊ नकोस, मलाही देतात. किल्ली मावशींकडे असते. दाढी सकाळी लवकर होते, तेव्हा आदल्या दिवशीच येऊन राहा. कपाट मी मित्रकाकांच्या मुलाकडून जरा पुढे सरकवून घेतलंय, मागे स्टूल मावेल इतकं. स्टूलही ठेवलंय. नळ अजून गळतो, तोही बघून जा.

भुंगी